‘मेलं की’ आणि ‘ऐवजी’: चौघांच्या मॅजिकमध्ये भांडण नेमकं कुठं सुरू होतं

(ऑडिओ ऐकला नसेल तरी चालेल. बोललो तेच इथं लिहून काढलंय, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युली’ कमी केलेत.)

मागच्या दोन भागांत डेक कसा बांधायचा यावर बोललो, आणि नंतर जे मेसेज आले त्यातल्या निम्म्यांत डेकचा विषयच नव्हता. सगळ्यांचा प्रश्न एकच. “भावा, आमच्याकडं असं असं झालं, तर बरोबर कोण?” म्हणून आजचा भाग भांडणांवर. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, कारण त्या चुकीमुळं आमची एक मैत्रीण तीन रविवार खेळायला आली नाही.

जे पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी दोन मिनिटं. खेळ आहे मॅजिक: द गॅदरिंग. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणिताच्या माणसानं बनवला, विझर्ड्स ऑफ द कोस्टनं १९९३ मध्ये बाजारात आणला. कमांडर हा त्यातला चौघांनी मिळून खेळायचा प्रकार. तो मुळात खेळाडूंनीच काढला, आणि २०११ पासून कंपनी त्याचे तयार डेक विकायला लागली. प्रत्येकाकडं १०० कार्डांचा डेक, बेसिक लँड सोडली तर एका नावाचं एकच कार्ड, आणि सुरुवातीला ४० लाइफ. बाकीचे तिघंही तुमचे शत्रू, आत्ता कितीही गोड बोलत असले तरी.

फोनवर मॅजिक अरीना खेळणाऱ्यांना हे भांडण माहीतच नसतं. तिथं समोर एकच जण असतो, आणि पंच ॲपच्या आत बसलेला असतो. कोणतं कार्ड आधी, कोणतं नंतर, ते सगळं ॲपच ठरवतं. तुम्ही फक्त अंगठा टेकवता. आमच्या हडकोच्या गच्चीवर ॲप नाही. चार जण, निम्मी खरी आणि निम्मी कलर झेरॉक्सची कार्डं, एक थर्मास, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं बरोबर.

आता तो रविवार. नावं घेत नाही, आम्ही एकमेकांना भागाच्या नावानंच हाक मारतो. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं बसलो होतो असे: सिडको, मग गारखेडा, मग उस्मानपुरा, मग मी हडको. मी आधीच मेलो होतो. खेळातून बाद झालेला आणि नियम थोडे जास्त वाचलेला, म्हणून पंचाचं काम आपोआप माझ्याकडं आलं.

पाळी सिडकोची. त्याचं लाइफ ६, गारखेडाचं ५, उस्मानपुऱ्याचं १९. टेबलवर सगळ्यांची मिळून ११ क्रीचर. त्यातली दोन महत्त्वाची: सिडकोकडं एक ब्लड आर्टिस्ट, आणि गारखेडाकडंपण एक ब्लड आर्टिस्ट. हे २०१२ चं कार्ड आहे, दिसायला ०/१, म्हणजे फुंकर मारली तर मरेल असं. पण त्याच्यावर लिहिलेलं असं, की ते स्वतः किंवा दुसरं कोणतंही क्रीचर मेलं, की तुम्ही निवडाल त्या खेळाडूचं एक लाइफ जातं आणि तुम्हाला एक मिळतं.

सिडकोनं हसत हसत रॉथ ऑफ गॉड टाकलं. सगळी क्रीचर नष्ट. ११ मेली.

पहिला प्रश्न तिथंच: ब्लड आर्टिस्ट स्वतःच मेला, मग बाकीच्यांच्या मरणाचा हिशोब तो कसा करणार? करतो. सगळी एकाच क्षणी मेली ना, मग खेळ त्या क्षणाच्या जरा आधीचं चित्र बघतो, आणि त्या चित्रात ब्लड आर्टिस्ट टेबलवर हजर होता. म्हणून दोन्ही ब्लड आर्टिस्ट प्रत्येकी ११ वेळा चालतात. इथपर्यंत मी बरोबर होतो.

सिडको म्हणाला, “पाच गारखेडाला, सहा उस्मानपुऱ्याला. गारखेडा संपली.”

गारखेडा म्हणाली, “थांब ना, माझापण ब्लड आर्टिस्ट आहे.”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “पाळी सिडकोची आहे. त्याचं आधी. तू मेलीस, तुझं पुढचं काही होत नाही.”

ती काही बोलली नाही. कार्डं स्लीव्हसकट डब्यात भरली, खाली गेली, स्कूटीचा आवाज आला. पुढचे तीन रविवार “काम आहे”.

मी चुकलो होतो. आणि चुकलो ते नियम न वाचल्यामुळं नाही. वाचला होता, पण ‘आधी’ या शब्दाचा उलटा अर्थ लावला.

ते समजायला स्टॅक समजला पाहिजे. इंग्रजीत स्टॅक म्हणतात, पण आपल्याकडं त्यासाठी नेमका शब्द आहे: चळत. आजीच्या फळीवर ताटांची चळत असायची. धुतलेलं ताट वर ठेवायचं, जेवायला बसताना वरचंच उचलायचं. सगळ्यात आधी ठेवलेलं ताट सगळ्यात शेवटी हाताला लागायचं. मॅजिकमध्ये कोणतंही मंत्रासारखं कार्ड किंवा ब्लड आर्टिस्टसारखी करामत लगेच घडत नाही. ती आधी चळतीवर जाते. मग घड्याळाच्या दिशेनं प्रत्येकाला विचारलं जातं, “वर काही ठेवायचंय?” सगळे लागोपाठ ‘नाही’ म्हणाले, की वरचं एक ताट उतरतं, म्हणजे त्या कार्डाचं काम होतं. मग परत सगळ्यांना विचारायचं. चौघांत खेळताना ‘सगळे’ म्हणजे चौघंही, फक्त ज्याच्यावर वार झाला तो नाही. आमच्याकडं उस्मानपुरा नेहमी मोबाइल बघत असतो आणि नंतर म्हणतो, “मला विचारलंच नाही.” तर विचारा.

साधं उदाहरण. माझं २/२ चं क्रीचर आहे. तुम्ही त्याच्यावर लाइटनिंग बोल्ट टाकलं, ३ डॅमेज. ते चळतीवर. मी त्याच्यावर जायंट ग्रोथ ठेवलं, म्हणजे पाळी संपेपर्यंत +३/+३. माझं ताट वर, म्हणून ते आधी उतरतं, क्रीचर ५/५ होतं, बोल्टचे ३ सोसून जगतं. आता उलटं करू. मी घाई करून आधीच जायंट ग्रोथ टाकलं आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर बोल्ट ठेवलं. बोल्ट आधी उतरतं, २/२ मरतं, आणि माझं जायंट ग्रोथ कुणावर लागणार? वाया गेलं. कार्डं तीच दोन, फक्त कोण कुणाच्या वर बसलं एवढाच फरक. म्हणून मॅजिकमध्ये घाई करणारा बहुतेक वेळा हरतो.

आता त्या रविवारकडं परत. दोन माणसांच्या करामती एकाच वेळी सुरू झाल्या, तर चळत कुणी आधी रचायची? यासाठी नियम आहे, त्याला खेळाडू ‘ॲपनॅप’ म्हणतात: आधी ज्याची पाळी तो, मग घड्याळाच्या दिशेनं बाकीचे. मी नेमका इथं घसरलो. ‘आधी’ म्हणजे चळतीवर आधी ठेवायचं. आधी ठेवलेलं ताट तळाशी जातं, तळाचं शेवटी उतरतं. म्हणजे ज्याची पाळी आहे त्याचं काम शेवटी!

मग त्या दिवशी खरं काय व्हायला हवं होतं ते बघा. सिडकोनं आपली ११ ताटं ठेवली, कुणावर कोणतं ते तेव्हाच सांगितलं: पाच गारखेडावर, सहा उस्मानपुऱ्यावर. आता ते बदलता येणार नाही. त्याच्यावर गारखेडा आपली ११ ठेवणार, आणि सिडकोनं काय निवडलं ते तिला आधीच दिसतंय. स्वतःच्या अकरांचा आपसातला क्रम तिनंच ठरवायचा. ती खाली पाच उस्मानपुऱ्यासाठी ठेवणार आणि सगळ्यात वर सहा सिडकोसाठी. वरून उतरायला सुरुवात: सिडको ६, ५, ४, ३, २, १, शून्य. तेवढ्यात तिचं लाइफ ५ वरून ११. प्रत्येक ताट उतरल्यावर, पुढचं काही व्हायच्या आधी, खेळ स्वतःच तपासतो की कुणाचं लाइफ शून्यावर गेलंय का. सिडकोचं गेलं. सिडको बाद. आणि जो बाद होतो त्याच्या चळतीवरच्या करामतीही त्याच्याबरोबर जातात. गारखेडाला मारणारी ती पाच ताटं उतरायच्या आधीच नाहीशी झाली.

मग तिची उरलेली पाच. उस्मानपुरा १९ वरून १४, ती ११ वरून १६. टेबल रिकामं, दोघंच शिल्लक, आणि पारडं तिच्या बाजूला झुकलेलं. सिडको स्वतःच्या रॉथ ऑफ गॉडनं मेला असता, आणि मी मात्र तिला घरी पाठवलं.

सिडकोनं काय करायला हवं होतं, हेही सांगतो, कारण त्यानं नंतर मला दहा वेळा विचारलं. आधी एक लाइटनिंग बोल्ट तिच्या ब्लड आर्टिस्टवर खर्च करायचं. त्यानं दोघांचीही करामत एकदा चालली असती, एकमेकांवर एकेक आणि स्वतःला एकेक, म्हणजे हिशोब जिथल्या तिथं. मग रॉथ. आता फक्त त्याचाच ब्लड आर्टिस्ट मोजणार, दहा मरणं, आणि गारखेडाला खरंच काही उत्तर नव्हतं. एक कार्ड वाचवायला गेला.

हे मला कळलं त्याच रात्री, दोन वाजता, नियमांची फाइल फोनवर उघडून. ही फाइल विझर्ड्सच्या साइटवर फुकट मिळते, अडीचशेच्या वर पानं आहेत, आणि ती वाचून कुणी मॅजिक शिकत नाही. पण शोधायला भारी आहे. १०१.४ मध्ये ॲपनॅप, ६०३ मध्ये ‘मेलं की’वाल्या करामती, ८०० पासून पुढं दोनपेक्षा जास्त खेळाडूंचे नियम, ९०३ कमांडरचं. एवढे चार आकडे लक्षात ठेवले तरी तुमच्या ग्रुपची निम्मी भांडणं मिटतील.

आणि ती फाइल वाचताना मला दुसरी एक गोष्ट लक्षात आली, जी मला कुठंच लिहिलेली सापडली नाही, कारण ती आपल्या मराठीची आहे. कार्डं इंग्रजीत असतात, पण आपण गच्चीवर बोलतो मराठीत. खेळता खेळता मनातल्या मनात कार्डाचं भाषांतर होतं, आणि त्या भाषांतरात एक छोटा शब्द हरवतो.

रेस्ट इन पीस नावाचं कार्ड घ्या. टेबलवर असलं की कोणतंही कार्ड किंवा टोकन ग्रेव्हयार्डमध्ये जायच्या ऐवजी एक्साइलमध्ये जातं, म्हणजे खेळाबाहेर. आमच्याकडं सगळे याला काय म्हणायचे? “मेलं की एक्साइल.” ऐकायला अगदी बरोबर. आणि पूर्ण चूक. ‘मेलं की’ म्हटलं की क्रीचर आधी मेलं आणि मग बाहेर गेलं. पण मॅजिकमध्ये मरणं म्हणजे टेबलवरून ग्रेव्हयार्डमध्ये पोचणं. इथं ते पोचलंच नाही. ते मेलंच नाही! मग ब्लड आर्टिस्ट काय मोजणार? शून्य. त्या रविवारी टेबलवर रेस्ट इन पीस असतं, तर ११ क्रीचर गेली असती आणि कुणाचं एक लाइफसुद्धा हललं नसतं.

तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे: कार्डाचं भाषांतर मोठ्यानं करायचं आणि ‘की’ का ‘ऐवजी’ ते सांगायचं. कार्डावर ‘व्हेन’, ‘व्हेनेव्हर’ किंवा ‘ॲट’ असेल तर ते ‘झालं की’. ते चळतीवर जातं, त्याच्यावर उत्तर देता येतं, एकाच वेळी अनेक असले तर ॲपनॅप लागतं. कार्डावर ‘इन्स्टेड’ असेल तर ते ‘ऐवजी’. ते चळतीवर जातच नाही, त्याला मध्ये थांबवता येत नाही, ते घटनाच बदलून टाकतं. मधोमध दोन टिंबं, म्हणजे कोलन असेल, तर डावीकडं किंमत आणि उजवीकडं माल. किंमत दिली की करामत बहुतेक वेळा चळतीवर. आणि यातलं काहीच नसेल, नुसतं विधान असेल, तर ‘आहे तोवर’: कार्ड टेबलवर आहे तोवर लागू, गेलं की संपलं.

कमांडरच्या बाबतीत तर खुद्द नियमच ‘ऐवजी’वरून ‘की’वर आलाय. पूर्वी तुमचा कमांडर मरणार असला तर ग्रेव्हयार्डऐवजी थेट त्याच्या खास जागेवर, कमांड झोनमध्ये जायचा. म्हणजे मरायचाच नाही, म्हणजे ब्लड आर्टिस्टला त्याचं काही मिळायचं नाही. २०२० मध्ये हे बदललं. आता कमांडर आधी खरोखर ग्रेव्हयार्डमध्ये जातो, मरण मोजलं जातं, आणि त्यानंतर मालक हवं तर त्याला कमांड झोनमध्ये आणतो. एक्साइलचंही तसंच. हातात किंवा डेकमध्ये परत जात असेल तर मात्र अजून जुनंच ‘ऐवजी’ आहे. त्यामुळं एखादा जुना खेळाडू छातीठोक सांगत असेल की कमांडर मरत नाही, तर तो खोटं बोलत नाहीये, फक्त जुनं बोलतोय.

बरं, दोन ‘ऐवजी’ एकमेकांना भिडले तर? इथं चौघांच्या टेबलवर हमखास गोंधळ होतो, कारण सगळ्यांना वाटतं की ज्यानं मारलं तो ठरवणार. तसं नाही. ज्याच्यावर ते होतंय तो ठरवतो. समजा टेबलवर डिक्टेट ऑफ द ट्विन गॉड्स आहे, त्यानं सगळं डॅमेज दुप्पट होतं. माझ्याकडं अर्झाज आर्मर आहे, माझ्यावर येणाऱ्या प्रत्येक डॅमेजमधला एक कमी करतं. तुम्ही मला बोल्ट मारलं, ३. आधी एक वजा केला तर २, दुप्पट ४. आधी दुप्पट केलं तर ६, वजा एक, ५. मार मी खाणार, म्हणून क्रम मी निवडणार, आणि मी वेडा नाही, मी ४ घेणार. कार्डं कुणाची आहेत याचा इथं संबंध नाही.

हाच हिशोब फायद्याच्या वेळीही. हार्डन्ड स्केल्स म्हणतं +१/+१ चे काउंटर येतील तेवढे अधिक एक. डब्लिंग सीझन म्हणतं दुप्पट. एक काउंटर येतोय. आधी स्केल्स, मग सीझन: दोनाचे चार. उलटं केलं तर दोन अधिक एक, तीन. क्रीचर माझं, निवड माझी. चार.

एका गोष्टीत मात्र क्रमाला काही किंमत नाही, आणि तिथंच लोक क्रमावरून सगळ्यात जास्त भांडतात. कुणीतरी विचारलं होतं: “मी माझ्या ६/६ वर जायंट ग्रोथ टाकून ९/९ केलं. मग मित्रानं टर्न टू फ्रॉग टाकून त्याचा बेडूक केला. ते १/१ का ४/४?” टर्न टू फ्रॉग मूळ आकडा १/१ करतं. जायंट ग्रोथ वरून तीन वाढवतं. मॅजिकमध्ये मूळ आकडा ठरवणारं आधी मोजतात, वाढ-घट नंतर, मग ते कोणत्याही क्रमानं टाकलेलं असो. म्हणून ४/४. दुकानातल्या बिलासारखं आहे: छापील किंमत बदलली तरी सूट आणि टॅक्स नव्या किमतीवरच लागणार, सूट कधी जाहीर केली याला अर्थ नाही. याला लेयर म्हणतात, असे सात आहेत. सातही पाठ करायची गरज नाही, मी तरी केलेले नाहीत. एवढंच धरा: ‘आहे इतकं’ आधी, ‘वाढव इतकं’ नंतर. बेडकाचा मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझ्याकडं चार ताकदीचा बेडूक आहे. अभिनंदन.

आणि दोन छोट्या गोष्टी पटकन. ‘कान्ट’ आणि ‘कॅन’ भिडले तर ‘कान्ट’ जिंकतो, कायम. आणि कमांडर डॅमेजचे २१ हे एकाच कमांडरकडून २१. तिघांच्या कमांडरांनी सात-सात मारले तर तुम्ही त्या नियमानं मरत नाही. आमच्याकडं एकदा एक जण असाच उगाच मेला होता.

आता रागावून उठून जाणाऱ्यांबद्दल. गारखेडा गेली तेव्हा ती बाद ठरवली गेली होती, म्हणून फरक पडला नाही. पण चौघांच्या खेळात कुणी अध्येमध्ये उठलं, तर खूप काही बदलतं. नियमानं कुणीही कधीही हार मानू शकतो, परवानगी लागत नाही. तो गेला की त्याच्या मालकीचं प्रत्येक कार्ड टेबलवरून जातं. म्हणजे तुम्ही त्याचं क्रीचर पळवून आणलं असेल तर तेही गेलं. आणि त्यानं कंट्रोल मॅजिक लावून तुमचं क्रीचर पळवलं असेल, तर कंट्रोल मॅजिक त्याचं म्हणून गेलं आणि क्रीचर तुमच्याकडं परत. यातून एक चावटपणा निघतो: तुम्ही मोठा हल्ला करून त्यातून लाइफ कमवायच्या बेतात आहात, आणि समोरचा डॅमेज लागायच्या आधीच म्हणतो, “मी हरलो.” तुम्हाला काहीच मिळत नाही. नियमात बसतं. पण माझ्या मते हा रडीचा डाव आहे, आणि बऱ्याच ग्रुपमध्ये घरचा नियम असतो की हार मानायची तर स्वतःच्या पाळीत, चळत रिकामी असताना. आम्हीही तोच लावलाय.

घरचे नियम लावण्यात काही कमीपणा नाही. मेंढीकोट खेळताना पत्ते वाटायच्या आधी आपण विचारतोच ना, हुकूम कसा, बंद का कट? एकाच घरात मामा एक सांगतो, काका दुसरं, आणि ते वाटायच्या आधी मिटतं म्हणून डाव होतो. ऊनोच्या अधिकृत ट्विटर खात्यानं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की प्लस फोरवर प्लस टू चढवता येत नाही. मला असं एक घर दाखवा जिथं ते ऐकलं गेलं. भांडण होतं ते घरचा नियम डाव सुरू झाल्यावर सुचतो तेव्हा, आणि तो नेमका सुचवणाऱ्याच्या फायद्याचा असतो तेव्हा.

मॅजिकमध्ये मात्र घरचा नियम लावायच्या आधी खरा नियम बघायची सोय खिशातच आहे. कार्डाचं नाव गॅदररवर किंवा स्क्रायफॉलवर टाका. तिथं कार्डाचा आजचा मजकूर दिसतो. जुन्या कार्डावर छापलेला मजकूर अनेकदा बदललेला असतो, आणि चालतो तो आजचा. त्याच पानावर खाली त्या कार्डाबद्दलची अधिकृत स्पष्टीकरणं असतात. ब्लड आर्टिस्टच्या एकाच वेळी मरण्याचा प्रश्न तिथंच सुटतो. आम्ही दोन मिनिटं ठरवलीत. दोन मिनिटांत सापडलं नाही तर नाणं उडवायचं, डाव पुढं न्यायचा, आणि घरी जाऊन शोधायचं. आणि शोधताना वाद घालणाऱ्या दोघांनी नाही, तिसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं.

तर, मी गारखेडाला फोन केला. लगेच नाही केला, तीन आठवडे लागले, कारण ‘मी चुकलो’ म्हणण्याऐवजी मी आधी ‘तसं दोन्ही बाजूंनी म्हणता येईल’ असा मेसेज टाइप करून बघत होतो. शेवटी फोनवर सगळं सांगितलं: चळत, तळाचं ताट, ११ आणि ११, तू १६ वर असतीस.

ती म्हणाली, “मला माहीत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तू म्हणालास, तू मेलीस.”

त्याच्यावर मला काही ठेवता आलं नाही.

पुढच्या रविवारी ती आली. पंचाचं काम आता मेलेल्या माणसाकडं नसतं. ज्याच्या हातात तेव्हा फोन असेल तो वाचतो, बहुतेक वेळा तीच. सिडकोनं त्या दिवशी परत हातातून रॉथ ऑफ गॉड काढलं, टेबलवर ठेवायच्या आधी थांबला, आणि एकेकाकडं बघत विचारलं, “कुणाकडं ब्लड आर्टिस्ट आहे का रे?”

गारखेडानं चहाचा कप खाली ठेवला. “तू टाक,” म्हणाली, “मग बघू.”

त्यानं ते कार्ड परत हातात घेतलं.